अविभक्त अर्धा

ती माझ्या नात्यातली नव्हती. गेल्या तीन वर्षांत हे वाक्य मी इतक्या खिडक्यांसमोर उभी राहून बोलले आहे की आता ते तोंडात आलं की मला माझाच राग येतो. आम्ही दोघी एका शाळेत शिक्षिका होतो, कागदावर दाखवता येण्यासारखं नातं एवढंच. बाकी एकवीस वर्षं एका घरात राहिलो, एकाच गॅसवरचं जेवलो, एकमेकींची आजारपणं काढली. त्यासाठी कोणत्याही फॉर्मवर रकाना नाही.

शाळा पांढरकवड्याच्या पुढे, हायवे सोडून बरीच आत होती. मी यवतमाळची. वडील कचेरीत कारकून, काका पोस्टात, घरात सगळे नोकरीवाले. माझं लग्न जमता जमता राहिलं आणि मग जमवायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. ती आर्णीकडच्या एका तांड्यावरची. एकोणिसाव्या वर्षी मारेगावकडच्या घरात तिचं लग्न लागलं. नवरा ट्रकवर होता, हैदराबादच्या रस्त्यावर. दीड वर्षात अपघातात गेला. तेराव्यानंतर सासरच्यांनी तिला एका पिशवीनिशी एसटीत बसवून दिलं आणि पुन्हा न्यायला कोणी आलं नाही. तिची आई, तिला ती बंजारा बोलीत याडी म्हणायची, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून तिच्या मागे उभी राहिली. ती डीएड झाली, नोकरीला लागली. हे सगळं तिने मला बसमध्ये सांगितलं, अपडाऊन करताना, तुकड्यातुकड्यांनी. मध्ये कोणी ओळखीचं चढलं की गप्प व्हायची आणि दुसऱ्या दिवशी राहिलं होतं तिथूनच पुढे सुरू करायची.

यवतमाळात दोन एकट्या बायांना खोली मिळत नसे. मिळाली तरी टिकत नसे. घरमालकीण पहिल्याच दिवशी विचारायची, "साहेब कुठं असतात?" साहेब नाहीत म्हटलं की एक तर भाडं वाढायचं, नाहीतर त्यांच्याकडे अचानक पाहुणे यायचे आणि खोली रिकामी करावी लागायची. पाचव्या खोलीतून सामान काढताना ती स्टोव्ह हातात घेऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "ताई, मले आता दुसऱ्याच्या दारात कपडे नाई वाळू घालायचे." मग आम्ही प्लॉट शोधला. शहराच्या कडेला, लेआउटमधला, दीड हजार फुटांचा. कर्ज दोघींच्या पगारावर, खरेदीखत दोघींच्या नावाने.

रजिस्ट्री ऑफिसबाहेर कागद लिहून देणारा एक अर्जनवीस बसत असे. त्याने आमची नावं, वय, धंदा लिहून घेतलं. मग विचारलं, "दोघींचं नातं काय लिहू?"

"नातं काही नाही," मी म्हणाले.

"मंग हिस्से कसे टाकू?"

"सारखे टाका," ती म्हणाली. "आमी मधात काई भिंत घालून नाई राह्यलो."

त्याने लिहिलं, दोघींचा समान अविभक्त हिस्सा. आम्हाला तो शब्द आवडला होता. अविभक्त म्हणजे न तुटलेलं, असा मी तिला बाहेर रसवंतीवर अर्थही सांगितला. मी मराठी शिकवायचे. केवढी ऐट होती मला माझ्या मराठीची!

घर बांधलं. दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. शेवग्याचं झाड तिने लावलं, बोअर मी मारली. विजेचं मीटर तिच्या नावाने, नगरपरिषदेची टॅक्स पावती दोघींच्या. "माझ्यामागं हे तुझंच," असं आम्ही एकमेकींना कितीदा म्हटलं असेल. कधी थट्टेत, कधी तापात पडलो असताना. ते कागदावर घ्यायचं असतं असं आम्हाला वाटलंच नाही असं नाही. वाटलं होतं. "रिटायर झालो की बसू एकदा," ती म्हणायची.

ती रिटायरमेंटला दोन वर्षं बाकी असताना गेली. सकाळची शाळा होती. बसस्टँडवर छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तांड्यावरून आई आणि भाऊ आले. सगळं त्यांनी केलं. सासरच्यांना कोणी कळवलं नाही, कारण ते लोक आहेत याचीच कोणाला आठवण नव्हती.

सहा महिन्यांनी मी भूमापन ऑफिसात गेले. घराची आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकीचा कागद, त्यावरून तिचं नाव कमी करून घ्यायचं होतं. माझ्या डोक्यात हिशोब साधा होता. दोन मालक होते, एक गेला, एक उरला.

खिडकीतल्या बाबूने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी दुसरी मालक."

"ते झालं. नातं काय?"

"नातं काही नाही."

"मग तुमच्या नावावर कसं होईल मॅडम? त्यांच्या हिश्शावर त्यांच्या वारसाचं नाव लागेल. वारस कोण आहे?"

मी म्हटलं, आई आहे. तो म्हणाला, मग आईचा अर्ज आणा. नंतर आईने तुम्हाला लिहून द्यायचं तर देईल. मला ते पटलं. मी तिच्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. भाऊ पन्नाशीचा, तांड्यावर शेती करतो, अतिशय मोकळा माणूस. म्हणाला, "ताई, घर तुमचंच हाय. कुठं सही पायजे ते सांगा, याडी अंगठा देते." अर्ज मी भरला. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. मृताचं नाव, पत्ता, वय. पुढे रकाना होता, पतीचे नाव व गाव. मी तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका मारेगाव लिहिलं. रकाना रिकामा सोडायचा नाही, हे मी तीस वर्षं पोरांच्या डोक्यात भरलं होतं. तो एक रकाना मी रिकामा सोडला असता तर!

ऑफिसने नियमाप्रमाणे हितसंबंधितांना नोटिसा काढल्या. एक नोटीस मारेगावकडे गेली. वीस दिवसांनी हरकतीचा अर्ज आला, तिच्या दिराचा.

मग आम्ही वकिलाकडे गेलो. मी, भाऊ आणि आई. वकीलबाई पस्तिशीच्या होत्या. एका पेट्रोलपंपाच्या मागे त्यांचं लहानसं ऑफिस, खुर्च्या तीनच. त्यांनी खरेदीखत शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "मृत्युपत्र केलं होतं का त्यांनी?"

"नाही."

"मूलबाळ?"

"नाही."

"लग्न झालं होतं?"

"झालं होतं. दीड वर्ष."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग आई वारस नाही. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, मूलबाळ नाही, नवरा नाही, तर तिच्या स्वतःच्या कमाईची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिकडे कोणीच नसेल तर आईबापाकडे. सासू-सासरे आहेत का?"

"नाहीत."

"नवऱ्याचे भाऊबहीण?"

"एक भाऊ."

"म्हणजे सगळा हिस्सा त्याचा."

मी म्हटलं, "अहो, त्या लोकांनी तिला घराबाहेर काढलं होतं. नोकरी तिला नंतर लागली. हप्ते तिने तिच्या पगारातून भरले. त्यांचा यात एक खिळा नाही."

"मला कळतं मॅडम. पण कलम असंच आहे. लोक त्याविरुद्ध भांडतात, वर्षानुवर्षं भांडतात. आज तरी ते असं आहे."

आई आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. तिला मराठी समजतं, वकिली मराठी समजत नाही. भावाने खाली मान घालून तिला आपल्या बोलीत सांगितलं. ती मराठीतच, वकीलबाईंना समजावं म्हणून, म्हणाली, "ज्यानं तिले यष्टीत बसवून देल्लं तो? अन् म्या पोटात वागवलं, म्या वेचून शिकवलं. मंग मी तिची कोन होय?"

वकीलबाईंनी तिला पाणी दिलं. उगाच धीराचं काही बोलल्या नाहीत, हे मला त्यांचं आवडलं.

भाऊ आईला घेऊन बाहेर गेला तेव्हा मी विचारलं, निदान माझा अर्धा तरी पक्का ना? त्या म्हणाल्या, "पक्का. पण कोणता अर्धा, ते कोणी सांगू शकत नाही. ही खोली तुमची आणि ती त्याची, असं नाही. अविभक्त म्हणजे प्रत्येक विटेत तुमचा अर्धा आणि त्याचा अर्धा. तुमच्या खरेदीखतात एक ओळ हवी होती, की दोघींपैकी जी मागे राहील तिचं सगळं घर. असं लिहिता येतं. पण उघड लिहावं लागतं. ते नसेल तर कायदा धरून चालतो, की तुम्ही दोघी आपापल्या हिश्शाच्या वेगळ्या मालक."

एका ओळीची गोष्ट होती. रसवंतीवर बसून मी जिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला होता, तिच्या मरणाने तो शब्द मला खरा कळला.

परत जाताना भाऊ म्हणाला, "ताई, काहून त्याचं गाव टाकलं तुमी?" रागाने नाही म्हणाला. पण मी अजूनही ते वाक्य घेऊन जागी होते.

महिनाभराने दीर आला. दुपारी बाराचा सुमार. मोटरसायकलवर, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. साठीच्या पुढचा, वाळलेला माणूस. फाटकातूनच म्हणाला, "नमस्कार बाई. मी मारेगावहून आलो. तुमच्या मैत्रिणीचा दीर होय." पिशवी पुढे केली. "तुरीची दाळ हाय. घरची."

मी डाळ घेतली नाही. पण व्हरांड्यात बसवलं, चहा दिला. इतकी वर्षं शाळेत पालकांना चहा दिलाय, हात आपोआप चालतात. त्याने चहा बशीत ओतून प्यायला आणि मग घराकडे पाहिलं.

"खोली कोणती होय तिची?"

"घर दोघींचं होतं."

"तसं नाई म्हणत. झोपे कुठं ते?"

मी बोट दाखवलं. तो उठला, दारात उभा राहिला आणि पावलांनी खोली मोजली. एक, दोन, तीन, चार. भिंतीला टाच लावून पुन्हा उलटी. मी पाहत होते. माझ्या हातात त्याची रिकामी कपबशी होती आणि ती त्याच्या पायावर फेकावी असं मला वाटलं.

मी विचारलं, "तीस-पस्तीस वर्षांत एकदा तरी तिची चौकशी केलीत?"

तो थांबला. "कोणतं तोंड घेऊन येऊ बाई? म्याच तिले यष्टीत बसोलं होतं. माय म्हणे पाठवून दे, पाठवून देल्लं."

"मग आता कोणतं तोंड घेऊन आलात?"

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "आता तं नोटीस आली ना."

त्या माणसात लबाडी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, तिची आई जिवंत आहे, तिच्या नावाने हिस्सा सोडा. तो म्हणाला, "कायदा आपण बनोला का? सरकार म्हणते हे तुहं हाय. मी काहून नाई म्हणू? माह्यं पोट्टं दोन साल झाले घरी बसून हाय." मग त्याने ज्यासाठी आला होता ते काढलं. वारस दाखल्यासाठी कोर्टात अर्ज करायचा होता आणि त्याला तिच्या मृत्यूचा दाखला हवा होता. तो माझ्याकडे होता.

मी दिला नाही. दोन आठवडे दिला नाही. वकीलबाई म्हणाल्या, "अडवून काय होणार? नगरपरिषदेतून तो कोणालाही मिळतो." तेव्हा मीच चौकात जाऊन झेरॉक्स काढली आणि पोस्टाने पाठवली. ती मेली याचा पुरावा मी माझ्या हाताने त्याला पुरवला, त्याने तो लावून माझ्या घराचा अर्धा मालक व्हावं म्हणून.

वर्ष गेलं. त्याला वारस दाखला मिळाला. आखीव पत्रिकेवर माझ्या नावाखाली त्याचं नाव लागलं. मी उतारा काढून आणला आणि टेबलावर उपडा ठेवला. आठवडाभर सुलटा केला नाही.

पुढच्या खेपेला तो कुलूप घेऊन आला. तिच्या खोलीला लावलं. आत तिचं कपाट, पुस्तकं, शिलाई मशीन, सगळं जसंच्या तसं होतं. मी कशाला हात लावला नव्हता. मी पोलीस स्टेशनला गेले. तिथल्या जमादाराने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दिवाणी बाब आहे मॅडम. त्यात आम्ही पडत नाही." मी वकीलबाईंकडे गेले.

"त्याला असं कुलूप लावता येतं का?"

"नाही. तुम्हाला घराच्या कोणत्याही भागातून बाहेर ठेवता येत नाही त्याला."

"मग मी तोडू?"

"तोडू शकता. तो दुसरं लावेल. तेही तोडाल. त्यालाही तुम्ही बाहेर ठेवू शकत नाही. हवं तर त्याच्या कुलपाशेजारी तुमचंही एक लावा."

मी त्यांच्या ऑफिसात हसायला लागले आणि मग हसणं थांबेना. त्यांनी पंखा वाढवला.

मी दुसरं कुलूप नाही लावलं. स्वयंपाक करताना पाठीमागे ते दार असायचं. कधी कधी फोडणी देता देता मी मागे वळून म्हणायचे, "मीठ बघ गं." सवय. मग ते कुलूप दिसायचं आणि भाजी करपायची.

उन्हाळ्यात तिचा भाऊ आईला घेऊन आला. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, थोरल्या. आईला एक फेटिया हवा होता, म्हणजे आरशांचा, भरतकामाचा बंजारा घागरा. आईनेच लेकीसाठी शिवलेला. लेकीने तो कधी घातला नाही, शाळेत साडी लागायची. पण जपून ठेवला होता, कपाटात सगळ्यात खाली. आता तो नातीच्या लग्नात हवा होता. आणि तो कुलपाआड होता.

मी मारेगावला फोन केला. म्हटलं, सामान तिच्या आईचं आहे, येऊन दार उघडा. तो म्हणाला, "वकील म्हणे सामान बी वारसाचंच राह्यते." मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी आयुष्यात तसे शब्द वापरले नव्हते. शाळेत पोरांनी वापरले तर मी अंगठे धरायला लावत असे. शेवटी तो म्हणाला, "उद्या येतो."

तो आला. दार उघडलं. आई आत गेली. ऐंशीच्या आसपासची बाई, जमिनीवर बसली, कपाटाचा खालचा कप्पा ओढला आणि फेटिया काढला. त्याच्या घडीत डांबराच्या गोळ्या होत्या. तिने एकेक गोळी वेचून कपाटात परत ठेवली. नेईन तेवढं माझं, बाकी तुझं, असा काही तिचा हिशोब असावा.

दीर दारात उभा होता. म्हणाला, "माय, घेऊन जा. त्याचं मी काय करू?"

ती उठली. त्याच्यासमोर थांबली. मला वाटलं आता ती शिव्याशाप देईल. तिने विचारलं, "तुहा भाऊ तिले मारे का रे?"

तो एकदम गडबडला. "नाई माय. चांगला होता तो. लय जीव होता त्याचा तिच्यावर."

"बरं," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन रिक्षात बसली. मला नंतर भावाने सांगितलं, हा प्रश्न लेकीला विचारायचा तिला कधी धीर झाला नव्हता.

दीर गेला तेव्हा कुलूप न लावता गेला. मी त्यावर फार आशा बांधली. ते चुकलंच. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला की त्याला गिऱ्हाईक मिळालंय. शहरातला एक प्लॉटवाला, अर्धा हिस्सा घ्यायला तयार आहे.

मी पुन्हा पेट्रोलपंपामागे. "राहत्या घरात परक्याला कसं घुसवता येईल?"

वकीलबाई म्हणाल्या, "त्याला कायद्यात आडकाठी आहे. एका कुटुंबाचं राहतं घर असेल तर बाहेरच्या खरेदीदाराला घरात येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही. पण त्यासाठी..."

"पण त्यासाठी काय?"

"त्यासाठी मालक एका कुटुंबातले लागतात. तुमचं कुटुंब नव्हतं ना मॅडम. कायद्याच्या नजरेत."

पाच खोल्या बदलल्या. हप्ते भरले. तिच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर मी सही केली, माझ्या आईच्या शेवटच्या महिन्यात तिने रजा टाकली. हे कुटुंब नव्हतं. मारेगावचा माणूस, ज्याने तिला बसमध्ये बसवलं, तो कुटुंब होता. मी वकीलबाईंच्या टेबलावर हात आपटला. त्या दचकल्या. मग मी माफी मागितली. चूक त्यांची नव्हती आणि चूक कोणाची, हे मला आजपर्यंत नीट सांगता आलेलं नाही.

वाटपाचा दावा लावता आला असता. पण दीड हजार फुटांचा प्लॉट, मध्ये एक स्वयंपाकघर. कोर्टाने त्याचे दोन तुकडे कसे करायचे? तुकडे होत नसले की घर विकून पैसे वाटून देतात. शेवटी मी रिटायरमेंटचे पैसे बाहेर काढले आणि प्लॉटवाला देणार होता तेवढ्याला तो हिस्सा मीच विकत घेतला. माझ्याच व्हरांड्याचा, माझ्याच न्हाणीघराचा, तिने लावलेल्या शेवग्याचा अर्धा. हक्कसोडपत्र करून स्वस्तात होईल का, म्हणून विचारलं होतं. ते कुटुंबातल्यांसाठी, असं उत्तर आलं. मी परकी, म्हणून स्टँप पूर्ण.

रजिस्ट्रीला दोन साक्षीदार लागतात. मी तिच्या भावाला म्हटलं, तू ये आणि आईला आण. तो म्हणाला, याडीले कायले त्रास? मी म्हटलं, आणच. त्या दिवशी ऑफिसात आई खुर्चीवर बसली, आधार कार्ड हातात धरून. यंत्रावर अंगठा उमटेना. कापूस वेचून, भाकरी थापून बोटांच्या रेषा गेल्या होत्या. ऑपरेटरने तीनदा पुसून लावायला सांगितला. चौथ्यांदा उमटला. घराच्या मालकीच्या सगळ्या कागदांत तिचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी आहे, साक्षीदार म्हणून.

दिराने चेक खिशात ठेवला. जाताना आईच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले नाहीत, हातही वर केला नाही.

मग त्याच आठवड्यात मी वकीलबाईंना म्हटलं, माझं मृत्युपत्र करायचंय. घर तिच्या भावाच्या धाकट्या मुलीला. ती यवतमाळात नर्सिंगला आहे, रविवारी माझ्याकडे जेवायला येते. नागपूरच्या माझ्या भावाला हे कळल्यावर तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. वकीलबाईंनी मजकूर सांगितला, मी माझ्या अक्षरात लिहिला. साध्या कागदावर. स्टँप लागत नाही. पेट्रोलपंपावरचा मॅनेजर आणि शेजारचा झेरॉक्सवाला, दोघांनी साक्षीच्या सह्या केल्या. मी घड्याळ पाहिलं होतं. वीस मिनिटं लागली.

घरी आले, तिच्या खोलीत गेले आणि रिकाम्या पलंगाशी उभी राहून तिच्याशी कडाकडा भांडले. वीस मिनिटं गं! आपण रोज बसमध्ये त्याच्या दसपट वेळ बसायचो. एखाद्या दिवशी वहीचा एक कागद फाडला असतास. मी तरी फाडला असता. तुला सांगायला मी होते ना, मीच मराठी शिकवायचे. असं बरंच काही. आवाज बाहेर गेला असावा, कारण शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून "काय झालं ताई?" म्हणून विचारत होत्या.

मी म्हटलं, काही नाही. आणि दार ओढून घेऊन आणखी थोडा वेळ भांडले.